हेसेदवरची संदर्भसूची: ३४० नोंदी झाल्या आणि गाइड म्हणतात ही सूची नाही, पोतं आहे

रूथची_नात

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

एमटीएच (धर्मशास्त्रातली मास्टर्स) करतेय, जुना करार. विषय आहे स्तोत्रसंहितेतला हेसेद हा हिब्रू शब्द आणि मराठी भाषांतरांनी त्याचं काय काय केलं. १३६ वं स्तोत्र आठवा, सव्वीस वचनं आणि प्रत्येकात तोच शब्द, आपल्याकडे 'त्याची दया सनातन आहे'. मी हे लहानपणापासून चर्चमध्ये म्हणत आलेय, अर्धं वचन पाळकसाहेब अर्धं आम्ही, आणि आता हिब्रू शिकल्यावर कळतंय की दया या शब्दात ते मावत नाही, त्यात शब्द पाळणं आहे, नातं निभावणं आहे. असो, विषयावर बोलायला लागले की थांबत नाही मी.

तर गाइड म्हणाले आधी संदर्भसूची करून आण, निदान दीडशे नोंदी, एसबीएलच्या (सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर) पद्धतीने. मी झोटेरोत (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) भरत सुटले. जिथे हेसेद दिसलं ते घेतलं, दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या मागच्या सूच्या उचलल्या, ३४० झाल्या. खूश होऊन दाखवायला गेले तर पाच मिनिटं चाळून म्हणाले, "ही सूची नाही, पोतं आहे." आणि बाहेरगावी निघून गेले, पंधरा दिवसांनी येणार.

आता प्रॉब्लेम असे की एक तर हे सगळं लावायचं कसं, कशाच्या खाली काय. दुसरं म्हणजे कॉलेजचं अ‍ॅटलाचं सबस्क्रिप्शन (धर्मशास्त्रातल्या लेखांचा डेटाबेस) सध्या बंद आहे, तर फुकटात शोधायचं कुठे. तिसरं, मराठी पुस्तकांची नोंद एसबीएलमध्ये करतात कशी, त्या हँडबुकात हिब्रू ग्रीक अक्कादी सगळं आहे, मराठी कुठेच नाही. आणि थांबायचं कधी??

अजून एक, खरं सांगते, शिव्या देऊ नका. यातल्या वीसेक नोंदी चॅटबॉटने दिलेल्या आहेत.

कपाटवाले_काका

शिव्या देत नाही पण त्या वीस नोंदी आजच्या आज वेगळ्या काढा बेटा. मी तीस वर्षं लायब्ररीत काढली, त्यातली बरीचशी धर्मशास्त्राच्या कपाटांपाशी, आणि खोट्या नोंदी काही चॅटबॉटने शोधून काढलेल्या नाहीत, पूर्वीही होत्या. कोणीतरी तळटिपेत पान चुकवायचा, पुढचा न बघता तीच उचलायचा, आणि दहा वर्षांत ती चूक पाच पुस्तकांत. फरक एवढाच की पूर्वीच्या चुकीमागे खरा लेख असायचा, आता लेखच नसतो.

एक जुनी युक्ती सांगतो, बसल्या जागी अर्ध्या खोट्या नोंदी पकडता येतात. नियतकालिकाचा खंड आणि वर्ष जुळतंय का बघा. वेटुस टेस्टामेंटुम १९५१ ला सुरू झालं, दरवर्षी एक खंड, म्हणजे खंडात १९५० मिळवा की वर्ष. कॅथलिक बिब्लिकल क्वार्टरलीला १९३८ मिळवा. जर्नल ऑफ बिब्लिकल लिटरेचरला १८८१, शंभरावा खंड १९८१ चा. तुमच्या यादीत वेटुसचा ४५ वा खंड आणि वर्ष १९८७ असं काही दिसलं तर समजा, ४५ म्हणजे १९९५ यायला हवं. झेडएडब्ल्यू या जर्मन नियतकालिकाला मात्र हा हिशोब लावू नका, तेही १८८१ चंच पण शंभरावा खंड १९८८ ला आला, त्यामुळे तिथे अंक उघडूनच बघावा लागतो.

दुसरं म्हणजे ३४० मधली दुहेरी किती? हेसेद इंग्रजीत किती प्रकारांनी लिहितात बघा, साधा एच, खाली टिंब दिलेला एच, सीएच, केएच, आणि काही जण तर नुसती तीन व्यंजनं. शिवाय शीर्षकात हिब्रू शब्दच नसतो, नुसतं लव्हिंगकाइंडनेस किंवा कव्हेनंट लॉयल्टी असतं, जर्मनमध्ये ग्नाडे किंवा ग्यूटे. तुम्ही एका स्पेलिंगने शोधलं असेल तर दोन्हीकडून नुकसान, अर्धं हाती लागलं नसेल आणि जे लागलं तेच दोनदा असेल.

आणि प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करा. हातात घेऊन पाहिलं, फक्त गोषवारा वाचला, किंवा दुसऱ्याच्या टिपेतून घेतलं. तिसऱ्या प्रकारातलं काहीही अंतिम सूचीत जाता कामा नये. मग बघा तुमच्या पोत्यात किती उरतं.

नेकरकाठी

काकांना अनुमोदन. मी जर्मनीत ट्युबिंगेनला असतो, पीएचडी नवा करार आहे पण शोधायची हत्यारं तीच.

फुकटातलं सांगतो. इथल्या युनिव्हर्सिटी लायब्ररीचं इंडेक्स थिऑलॉजिकस आहे, धर्मशास्त्रावरच्या लेखांची ऑनलाइन सूची, सगळे इक्सथिओ म्हणतात, घरबसल्या कुठूनही उघडतं, पैसे नाहीत लॉगिन नाही. त्यात बायबलच्या संदर्भावरून शोधता येतं, म्हणजे शब्द न टाकता सरळ स्तोत्र १३६ टाकायचं आणि ज्यांच्या शीर्षकात हेसेदचा ह पण नाही असे लेख समोर येतात. हे आधी करा. मग लोझानचं बिबिल, बायबलवरच्या लेखांची सूची, अजून चालू असेल तर तेही बघा. आणि इस्रायलच्या राष्ट्रीय लायब्ररीचं रांबी, ज्यू अभ्यासकांचे लेख तिथे जास्त सापडतात, हिब्रूतले पण. हेसेदवर काम करताना तुम्ही फक्त ख्रिस्ती लेखक वाचले तर परीक्षक पहिलं तेच विचारेल. छापील हवं असेल तर ओल्ड टेस्टामेंट अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स, १९७८ पासून, वर्षाला तीन अंक, पुण्यातल्या एखाद्या सेमिनरीत जुने अंक नक्की धूळ खात असतील.

आता लावायचं कसं. माझं मत असं की अ ते ज्ञ लावायच्या आधी एकदा वर्षाप्रमाणे लावून बघा. तुमच्या विषयात तर चर्चेचा कणाच दिसतो. नेल्सन ग्लूकचा जर्मन प्रबंध १९२७ चा, तो म्हणाला हेसेद म्हणजे परस्परांचं कर्तव्य, करारातून येणारं. त्याला उत्तर देत १९७८ ला कॅथरीन साकेनफेल्ड म्हणाल्या की ज्याच्या हातात ताकद आहे त्याने गरजवंतासाठी केलेली गोष्ट, जी तो न करायलाही मोकळा आहे. मग १९९३ ला गॉर्डन क्लार्कने भाषाशास्त्राच्या अंगाने पुन्हा सगळं मोजलं. आता गंमत बघा, ग्लूकचा इंग्रजी अनुवाद १९६७ ला आला. बहुतेक जण तोच वाचतात आणि सूचीत फक्त १९६७ टाकतात, मग असं दिसतं की माणूस चाळीस वर्षं उशिरा बोलायला उठला. अनुवादाची नोंद करा पण मूळ वर्ष त्यातच द्या, आणि दोन वेगळ्या नोंदी करू नका, पैज लावतो तुमच्याकडे दोन आहेत.

क्लार्कचं पुस्तक जेएसओटी (जर्नल फॉर द स्टडी ऑफ द ओल्ड टेस्टामेंट) सप्लिमेंटच्या मालिकेत आहे, १५७ वं. त्याच मालिकेचं नाव नंतर बदलून लायब्ररी ऑफ हिब्रू बायबल झालं, लघुरूप पण बदललं. जुन्या पुस्तकाला जुनंच लघुरूप, नव्याला नवं, झोटेरोने आपलं डोकं चालवून सगळं एकसारखं केलं असेल तर हाताने सुधारा. तसंच मोठ्या कोशांचं. टीडीओटीच्या (थिऑलॉजिकल डिक्शनरी ऑफ द ओल्ड टेस्टामेंट) पाचव्या खंडात हेसेदवर त्सोबेलचा लेख आहे, तो त्सोबेलच्या नावावर यायला पाहिजे, संपादकांच्या नाही. निम्मे विद्यार्थी अख्खा कोश टाकून मोकळे होतात.

बिनधास्त_बापू

एवढा उपद्व्याप कशाला, संदर्भसूची वाचतं कोण शेवटी. दीडशे म्हणाले ना, दीडशे द्या आणि पुढे चला 😀

कपाटवाले_काका

बापू, बाहेरून येणारा परीक्षक प्रबंध मागूनच उघडतो. आधी स्वतःचं नाव आहे का बघतो, मग त्याच्या शत्रूचं आहे का बघतो. मग पहिलं पान.

वसईचा_फादर

काकांनी हसवलं, पण खरं आहे. मी स्वतः शेवटची पानं आधी बघतो.

दोन गोष्टी सुचवतो. पहिली म्हणजे स्तोत्रांचे आकडे. जुनी कॅथलिक पुस्तकं, व्हल्गेट हे लॅटिन किंवा सेप्टुआजिंट हे ग्रीक भाषांतर धरून लिहिलेलं काहीही बघाल तर दहाव्यापासून १४७ व्यापर्यंत बहुतेक ठिकाणी स्तोत्राचा आकडा एकाने मागे असतो, कारण तिथे नववं आणि दहावं एकच धरलंय. तुमचं १३६ तिकडे १३५ आहे. 'स्तोत्र १३५ वरील टीका' अशी नोंद दिसली की आपल्या कामाची नाही म्हणून सोडू नका, आणि 'स्तोत्र १३६' दिसलं की डोळे मिटून घेऊ नका. वचनांचीही तीच कथा, हिब्रूत स्तोत्राचं शीर्षक बरेचदा पहिलं वचन म्हणून मोजतात. ५१ व्या स्तोत्राचं आपल्या मराठी बायबलातलं पहिलं वचन हिब्रूत तिसरं आहे. हेसेद नेमका त्याच वचनात आहे, म्हणून सांगितलं.

दुसरी, रोमच्या बिब्लिकम या बायबल-अभ्यासाच्या संस्थेचा एलेंकुस, म्हणजे बायबलवरच्या लिखाणाची सूची. बिब्लिका या नियतकालिकात १९२० पासून ही सूची यायची, १९६८ पासून वेगळा ग्रंथ. जाडजूड, अक्षर बारीक, मांडणी अशी की पहिल्यांदा उघडलं की रडू येतं. पण इटालियन, स्पॅनिश, पोलिश लेख त्यात जसे आहेत तसे बाकी ठिकाणी मिळायचे नाहीत. सगळं वाचायचं नसतं, असतं हे माहीत असावं लागतं.

आणि एक तक्रार पण आहे, प्रेमाने. तुमच्या विषयात 'मराठी भाषांतरं' म्हणजे फक्त प्रोटेस्टंट मिशनपासून सुरुवात असं धरू नका. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ चं, गोव्यात रायतूरला छापलेलं. भाषांतर नाही ते, पुराण आहे, ओवीत आहे, पण त्याचा पहिला भाग जुन्या कराराचाच आहे. देवाच्या दयेसाठी त्याने कुठले शब्द वापरले हे तुम्ही नाही बघायचं तर कोणी बघायचं? नोंद करताना मात्र जपून, त्या काळच्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही. आपण वाचतो ते १९०७ चं मंगळूरचं रोमन लिपीतलं सालढाणांचं संपादन, किंवा १९५६ चं बांदेलूंचं देवनागरी, किंवा नंतरचं द्रागोंचं. लंडनला देवनागरी हस्तलिखित आहे, मार्सडेन संग्रहातलं. मग १६१६ असं एकटं लिहून कसं चालेल, तुम्ही ते पाहिलेलंच नाही ना. आणि त्या माणसाची नावं तरी किती, थॉमस स्टीफन्स, स्टीव्हन्स, पोर्तुगीजमध्ये तोमास इश्तेव्हांव, मराठीत नुसते फादर स्टीफन्स. एक नाव ठरवा, बाकीची त्याच्याकडे वळवा.

आमच्या वसईच्या दिब्रिटोंचं सुबोध बायबल पण घ्या. त्याच्या नव्या कराराला अनुवादाचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता, २०१३ ला. त्यांचं आडनाव इंग्रजी कॅटलॉगांत किती तऱ्हांनी पडलंय ते बघाच एकदा.

रूथची_नात

अरे बापरे, मी चहा प्यायला सांगितलं होतं, तुम्ही पंगतच मांडलीत. सगळ्यांना मनापासून धन्यवाद 🙏

काका, खंडात मिळवायची युक्ती लावली. चॅटबॉटच्या २१ नोंदी होत्या, त्यातल्या ११ तिथेच गळल्या. उरलेल्यांत तीन अशा होत्या की लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्ष जुळतंय, पण अंकाच्या अनुक्रमणिकेत लेखच नाही. हे बघून अंगावर काटा आला, कारण त्यातल्या एकावर मी एक परिच्छेद लिहून बसले होते!

नेकरकाठी दादा, ग्लूक माझ्याकडे दोनदा नव्हता, तीनदा होता.

फादर, स्टीफन्स घेते. घाबरत होते कारण मग विषय फार पसरतो, पण तुमचं म्हणणं पटलं.

आता मराठीचं सांगा ना कोणीतरी. ऑनलाइन कॅटलॉगात मी 'अनुवाद' शोधलं, म्हणजे मला भाषांतरं हवी होती, तर निम्मे निकाल अनुवाद नावाच्या पुस्तकाचे, बायबलाच्या पंचग्रंथातल्या पाचव्या. इतिहास शोधलं तर १ इतिहास, २ इतिहास ही बायबलातलीच पुस्तकं आणि मध्येच मराठ्यांचा इतिहास. हसावं की रडावं.

कपाटवाले_काका

हा हा, हे आम्ही रोज भोगलंय. एकाने बायबलातलं गणना हे पुस्तक मागितलं तर आमच्या शिपायाने जनगणनेचा अहवाल आणून ठेवला होता.

ऐका. मराठी बायबलची छापील आवृत्ती शोधायची तर शब्दाने नाही, जुन्या कॅटलॉगांनी शोधा. पहिला डार्लो आणि मूल यांचा, ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीच्या लायब्ररीतल्या छापील शास्त्रग्रंथांचा, १९०३ ते १९११. भाषांप्रमाणे लावलाय, मराठीचा विभाग आहे. तो संग्रह आता केंब्रिजला आहे. मग ब्लुमहार्टचा ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी आणि गुजराती पुस्तकांचा, १८९२. त्यात लेखकाच्या नावाने शोधाल तर काही मिळणार नाही, त्यांच्या पद्धतीत बायबल हाच मथळा, लेखकाच्या जागी बायबल. मरडॉकचा १८७० चा मद्रासचा, देशी भाषांतल्या ख्रिस्ती पुस्तकांचा, त्यात छोट्या पत्रिका पण येतात. आणि आपल्या शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची, १८०० ते १९३७. दात्यांनी ती कशी केली असेल याचा विचार केला की आजही हात जोडावेसे वाटतात, झोटेरो सोडा, त्या माणसाकडे फोटोकॉपी पण नव्हती.

हे चारही एकमेकांशी ताडून बघा. बंगालमधल्या सेरामपूरच्या मिशनचा नवा करार १८११ चा, मोडी टाइपात. त्याच्या आधी १८०५ ला नुसतं मत्तय. एका कॅटलॉगात मोडी लिहिलेलं असतं, दुसरीकडे नुसतं मराठी, तुम्हाला वाटतं दोन वेगळी पुस्तकं. तुमची स्तोत्रं जुन्या करारातली, तो त्यांनी पुढे तुकड्यातुकड्याने काढला, तेव्हा 'सेरामपूर बायबल' अशी एकच गोळा नोंद करू नका, जो खंड पाहिलात त्याचीच करा.

पंडिता रमाबाईंचं संपूर्ण बायबल केडगावच्या मुक्ती मिशनमधून १९२४ ला आलं, बाई १९२२ ला गेल्या होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने केलेलं काम आहे ते. तुमच्या विषयात हा मोठाच साक्षीदार. नोंदीत अनुवादक म्हणून त्यांचं नाव ठळक यायला हवं. बायबल सोसायटीच्या प्रतींवर भाषांतर करणाऱ्यांची नावं नसतात, त्यामुळे सवयीने रमाबाईंचंही गाळलं जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि दर वेळी चिडलोय. सोसायटीच्या प्रतीवर जे वर्ष असतं ते बहुतेक वेळा त्या छपाईचं, भाषांतराचं नाही. तुमच्या घरातल्या प्रतीवरचं वर्ष उचलून भाषांतर त्या वर्षीचं म्हणू नका.

आणि एखाद्या जुन्या पुस्तकावर शके असेल तर ७८ मिळवा, पण इंग्रजी जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतचं असेल तर ७९. दोन्ही आकडे लिहा, छापलेला आधी.

नेकरकाठी

लिपीचं मी सांगतो, कारण इथे माझं यावरून भांडण झालंय. माझ्या सुपरवायझर म्हणाल्या सगळं रोमनमध्ये घाला. मी घातलं, आणि मग 'ज्ञानोदय' (मिशनचं जुनं मराठी पत्र) चार जणांनी चार प्रकारे वाचलं. शेवटी ठरलं ते असं की मराठी नोंद देवनागरीत जशी छापली तशी, त्याच्याखाली रोमन, मग अर्थ. आणि मराठीचा वेगळा विभाग, त्याचा क्रम मराठी वर्णमालेने. झोटेरोचा सॉर्ट यात गोंधळ घालतो, हाताने लावावं लागतं, साठ-सत्तर नोंदींना एक संध्याकाळ. हँडबुकात मराठी नाही हे बरंच आहे हो, नियम तुम्ही केलात आणि सुरुवातीला दोन ओळींत सांगितलात की कोणी अडवत नाही. फक्त शेवटपर्यंत एकच ठेवा.

ज्ञानोदयवरून आठवलं, ते चाळलंत का? १८४२ ला अहमदनगरला सुरू झालं. भाषांतरांबद्दलचे वाद, अमुक शब्द का घेतला तमुक का नाही, असली चर्चा असली तर अशा पत्रांतच असणार. तुमच्या ३४० मध्ये इंग्रजी लेखांचा ढीग आहे तो जगातल्या कुठल्याही सेमिनरीतला विद्यार्थी करेल. हे तुम्हीच करू शकता.

बिनधास्त_बापू

ओके मी शब्द मागे घेतो. पण 'थांबायचं कधी' याचं उत्तर अजून कोणीच दिलं नाही राव.

वसईचा_फादर

बापू, प्रश्न बरोबर धरलात. आमचे एक प्राध्यापक सांगायचे, नवीन लेख उघडला आणि त्याच्या तळटिपांत तुला माहीत नसलेलं एकही नाव आलं नाही, असं लागोपाठ तीनदा झालं की पेन खाली ठेव. इंग्रजी-जर्मन भागाला हे लागू पडतं. मराठीला नाही, कारण मराठीत तळटिपाच कमी. तिथे चारही कॅटलॉग संपले की थांबायचं, आणि कुठपर्यंत बघितलं ते लिहायचं.

रूथची_नात

अपडेट देते, आठ दिवस झाले.

३४० ची १९२ झाली. दुहेरी ६३ निघाल्या, चॅटबॉटच्या १४ खोट्या, बाकीच्या अशा की हेसेद शब्द एकदाच आलाय आणि तोही ओझरता. १९२ मध्ये हातात घेऊन पाहिलेल्या फक्त ८८. लाज वाटली पण निदान आकडा खरा आहे. इक्सथिओत स्तोत्र १३६ टाकून नवीन १७ मिळाल्या, त्या अजून मोजल्या नाहीत, आधी बघते मग.

मराठीच्या ३१ आहेत. फादर, स्टीफन्सचं बांदेलू संपादन एका लायब्ररीत मिळालं, पानं इतकी ठिसूळ की त्यांनी फोटो काढू दिले नाहीत, वहीत उतरवून घेतेय. आणि काल संध्याकाळी मावशीकडे गेले होते तर तिच्या कपाटात, साड्यांच्या खाली, रमाबाईंचं बायबल! पहिली काही पानं नाहीत, म्हणजे छपाईचं वर्षच गेलंय. काका, अशा प्रतीची नोंद कशी करायची?

कपाटवाले_काका

वर्षाच्या जागी 'मुखपृष्ठ गहाळ' लिहा, चौकोनी कंसात. मग स्तोत्रसंहिता सुरू होते त्या पानाचा आकडा आणि शेवटचं पान किती ते मला कळवा. दुसऱ्या पूर्ण प्रतीशी जुळवून बघू. आणि मावशींना सांगा, डांबराच्या गोळ्या त्या पुस्तकापासून लांब ठेवा.